हनुवटीचा नकाशा

पूर्वा मगदूमला दर महिन्याला चार दिवस सर्दी होते, अशी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद-तपासणी प्रयोगशाळेत सगळ्यांची पक्की समजूत होती. त्या दिवसांत ती तोंडाला मास्क लावून यायची, डबा खायला सगळ्यांकडे पाठ करून बसायची आणि अभिनंदन चौगुले समोरून येताना दिसला की दुसऱ्या दाराने सटकायची. सर्दी अर्थातच नव्हती. हनुवटीवर केस होते.

आणि ते मुद्दाम वाढवावे लागत, हीच तर सगळ्यात मोठी थट्टा होती. मिरजेला नसीम मुजावर यांच्याकडे इलेक्ट्रोलिसिसला जायचं तर केस चिमटीत धरता येईल इतका तरी वर आलेला हवा. म्हणजे जे कायमचं घालवायला जायचं, त्यालाच आधी चार दिवस कात्री न लावता खतपाणी घालायचं. पूर्वा तीन वर्षं हे करत होती. वय बत्तीस, डोकं शास्त्राचं, पोतंभर हळदीत भेसळ किती हे सांगून व्यापाऱ्यांची झोप उडवणारी बाई. पण आरशासमोर उभी राहिली की तिला एकच प्रश्न पडायचा आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नसायचं. हे लागू पडतंय की नाही?

उत्तराची तिला घाई होती, कारण त्यावर अभिनंदन अडकला होता. यार्डात हळदीची प्रतवारी करणारी कॅमेऱ्याची यंत्रं त्याच्या देखरेखीखाली चालत. सरळ, थोडा बोलघेवडा, प्रश्न विचारायची खोड असलेला माणूस. वर्षापूर्वी त्याने पूर्वाला लग्नाचं विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, "थोडं थांबशील?" तो थांबला. कशासाठी, हे तिने सांगितलं नाही. चेहरा पुरा झाला की हो म्हणायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. लग्नानंतर एका खोलीत सकाळी उजेडात डोळे उघडायचे, तर त्या उजेडात हनुवटी स्वच्छच हवी.

पूर्वा पहिल्यांदा नसीमताईंकडे गेली तेव्हा त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. केस उगवतो त्या त्वचेतल्या अरुंद, खोल खड्ड्याला कूप म्हणतात. केसाएवढीच बारीक सुई त्या कूपात सरकवायची आणि तिच्यातून अगदी जराशी वीज सोडायची. कूपातल्या ओलाव्यात मीठ असतं. विजेने त्या मीठपाण्याचा क्षार होतो. मोरी साफ करायच्या कॉस्टिक सोड्याचाच धाकटा भाऊ, फक्त सुईच्या टोकावर मावेल एवढा. केसाला जन्म देणाऱ्या पेशी त्यात विरघळतात. त्या पुरत्या मेल्या की त्या कूपातून पुन्हा केस येत नाही.

इथपर्यंत सोपं होतं. घोडं पुढे अडायचं. केस सगळे एकदम वाढत नाहीत. काही वाढत असतात, काही गळायच्या बेतात असतात आणि बरेचसे कूप महिनोन् महिने नुसते झोपून असतात. वरून पाहिलं तर झोपलेला कूप आणि मेलेला कूप अगदी सारखे दिसतात. त्यामुळे आज हनुवटी साफ करून आलेल्या बाईला महिन्याने तिथेच केस दिसला, की तो मारलेलाच पुन्हा उठला की शेजारचा झोपलेला जागा झाला, हे तिला कळायला मार्गच नसतो.

"पोत्यात सळई खुपसून मूठभर हळद काढतीस की नाही?" नसीमताई म्हणायच्या. "तशी आरशातली हनुवटी म्हणजे नुसती मूठ. पोतं आत आहे."

"मग तुम्हाला कसं कळतं, ताई?"

"केस ओढावा लागला तर अजून मूळ धरून आहे. लोण्यातून निघाल्यासारखा सुटला तर मेला. पुढचा आला तो बारीक आला तर समजायचं वाट बरोबर आहे. आणि पहिल्यांदा तासभर लागायचा तिथं आता वीस मिनिटं लागतात, हे दिसतंय की तुला."

पूर्वाला हे पटायचं आणि घरी येऊन आरसा पाहिला की पटेनासं व्हायचं. नसीमताईंवर शंका घेतल्याची तिला लाज वाटायची. तरी शंका जायची नाही.

तेवढ्यात रोमदर्शी आला.

पुण्याच्या काही संशोधकांनी हे यंत्र काढलं तेव्हा ते भाजलेल्या रुग्णांच्या कातडीसाठी होतं. दिसायला मोबाईलएवढं. ते गालावर टेकवलं की त्यातून निरुपद्रवी प्रकाश कातडीच्या आत जातो, वेगवेगळ्या थरांवरून परत फिरतो आणि किती उशिरा परतला यावरून आतलं चित्र तयार होतं. खरी कमाल पुढची. चेहऱ्यावरचा प्रत्येक कूप हे यंत्र ओळखीने लक्षात ठेवतं. पुढच्या खेपेला तोच कूप बरोबर शोधून काढतं आणि तो जिवंत आहे, झोपलेला आहे की मेलेला, हे आतल्या पेशींच्या हालचालीवरून सांगतं.

लोकांनी त्याचं पुढे काय केलं हे सांगायलाच नको. पुण्या-मुंबईकडच्या वधूवर मेळाव्यांत मुलीच्या पत्रिकेबरोबर तिचा रोमनकाशाही मागायला मंडळी कमी करेनात. मुलाच्या टकलाचा नकाशा कोणी मागितल्याचं मात्र ऐकिवात नाही.

मिरजेच्या दवाखान्यात यंत्र लागलं त्याच आठवड्यात पूर्वाने नंबर लावला. नसीमताईंनी तिच्या हनुवटीवर गार जेल लावलं आणि यंत्र टेकवण्याआधी क्षणभर थांबल्या.

"तीन वर्षं मी सांगतेय लागू पडतंय म्हणून," त्या म्हणाल्या. "आज तुझ्याबरोबर माझाही निकाल आहे बघ."

पडद्यावर हनुवटी उमटली. ठिपक्यांनी भरलेली. त्यातले बहुतेक राखी होते.

"राखी म्हणजे मेलेले," नसीमताईंनी सांगितलं आणि त्यांचा सोडलेला श्वास पूर्वाला ऐकू आला. "हिरवे आत्ता वाढतायत. निळे झोपलेत."

पूर्वा पुढे वाकून बघत राहिली. तिला स्वतःच्या हनुवटीबद्दल इतकं कुतूहल आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. आजवर नुसता रागच वाटला होता. जिथे जिथे सुई गेली होती तिथे राखी ठिपका होता. नवे केस येत होते ते दुसऱ्याच कूपांमधून. म्हणजे परत कोणीच उठलं नव्हतं. नसीमताईंचा हात तीन वर्षं बरोबरच चालला होता आणि आपण मात्र त्यांच्याकडे संशयाने पाहत होतो, हे तिला फार लागलं.

एका कडेला थोडे फिकट नारिंगी ठिपके होते.

"आणि हे?"

नसीमताईंनी चष्मा वर केला. "हे ओढलेले. चिमट्याने केस खेचला की कूपाची भिंत दुखावते, सुजते, पण मरत नाही. सारखा खेचला तर कूप वाकडा होतो आणि वाकड्या कूपात माझी सुई तळाला पोचत नाही. फिकट आहेत म्हणजे जुने. ताजे असते तर भडक दिसले असते." मग त्या हसल्या. "पहिल्या वर्षी घरून साफ करून येत होतीस की नाही?"

पूर्वाने कबूल केलं. त्या वर्षी ती येण्याच्या दिवशी सकाळी उरलेसुरले केस चिमट्याने काढून यायची. परक्या बाईपुढे असा चेहरा घेऊन कसं बसायचं, म्हणून. भांडी घासायला बाई यायच्या आधी भांडी विसळून ठेवतात, त्यातलाच प्रकार. नसीमताईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या ओरडल्या होत्या.

"बरं, ते जाऊ दे. आता पुढचं," नसीमताई म्हणाल्या. "निळे किती जागे होणार आणि कधी, हे यंत्र सांगतं. पण त्याला घरच्या मोठ्या बाईचा नकाशा लागतो. कुठला कूप कुठल्या वयात जागा व्हायचा, हे बरंचसं रक्तातून येतं म्हणे. तुझं कुणाकडनं आलंय?"

"आत्याकडून. आई तसंच म्हणते."

"मग आत्याला घेऊन ये."

जिनमती आत्या निपाणीला असायच्या. वडिलांची थोरली बहीण. ओठावर ठसठशीत मिशी, आवाज खणखणीत, दोन्ही गोष्टींची जराही पर्वा नाही. पूर्वा चौदा वर्षांची असताना तिच्या हनुवटीवर पहिले केस आले, तेव्हा घरात पाहुणे असताना आई म्हणाली होती, "आमच्याकडं कुणालाच नाही बाई हे. त्यांच्याकडचं आहे. आक्कांकडं बघा की." सगळे हसले. आत्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "होय, आमच्याकडचंच." त्यानंतर दर दिवाळीला आत्या पूर्वासाठी स्वतः कुटलेलं उटणं घेऊन यायच्या. त्याचा उपयोग शून्य होता, पण वास छान यायचा.

रात्री जेवताना पूर्वाने विषय काढला. तिचे वडील, अण्णा, जेवून फेरी मारायला गेले होते. आई, पद्मजा, पोळीवर तूप लावत होती.

"आत्यांना मिरजेला आणावं लागेल एक दिवस."

आईचा हात थांबला. "त्यांचे गुडघे केवढे दुखतात. त्यांना कशाला निपाणीवरनं हलवतीस? माझा नकाशा नाही चालत?"

"चालतो. पण तुझ्याकडं नाही ना."

"नाहीच. तेच म्हणते मी," आई म्हणाली. "एकदा यंत्रानंच सांगू दे, आमच्याकडं नाही म्हणून. माझं स्वच्छ निघालं की मग आणू आक्कांना."

पूर्वाला नवल वाटलं. आई दवाखान्याचं नाव काढलं तरी टाळाटाळ करणारी. स्वतःहून निघाली म्हणजे आत्यांच्या गुडघ्यांची खरंच काळजी असेल, असं तिने धरलं.

ज्या दिवशी जायचं त्या दिवशी आई पहाटे नेहमीपेक्षा जास्त वेळ बाथरूममध्ये होती. तसंही त्या घरात आईची पहाटेची बाथरूम हा एक ठरलेला सोहळाच होता. सगळ्यांच्या आधी उठायचं, कडी लावायची, नळ सोडायचा. अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जाणारी बाई. तिच्या सोवळ्याचं अण्णांना भारी कौतुक. ती मुक्कामाला कुठेही जायची नाही. माहेरीसुद्धा संध्याकाळी परत. श्रवणबेळगोळला बारा वर्षांनी होणाऱ्या बाहुबलीच्या मस्तकाभिषेकाला सगळं गाव लोटलं तेव्हा आत्या तिच्या विनवण्या करून थकल्या होत्या, पण आई गेली नाही. परक्या ठिकाणी आपली शुद्धता सांभाळली जात नाही, असं कारण तिने दिलं होतं.

मिरजेला नसीमताईंनी आईला खुर्चीत बसवलं. आईने हनुवटी वर केली. नितळ, गोरी, साठीतल्या बाईला शोभेल अशी हनुवटी. "बघा," आई म्हणाली. तिच्या आवाजात थोडा तोरा होता.

यंत्र टेकलं आणि पडदा भरला.

तो नारिंगी होता. कानाच्या पाळीपासून कानाच्या पाळीपर्यंत नारिंगी, आणि खाली गळ्याकडे उतरलेला. काही फिकट, काही गडद, वाकडेतिकडे झालेले, एकमेकांना खेटलेले. आणि हनुवटीच्या बरोबर मध्ये, जिथे आई अभिमानाने बोट ठेवत होती, तिथे पेटलेल्या निखाऱ्यासारखे भडक ठिपके होते.

आईला रंगांचा अर्थ माहीत नव्हता. ती डोळे बारीक करून बघत होती. "हे केशरी चांगलं दिसतंय. केस कुठं दिसत नाहीत की. म्हणजे माझं स्वच्छच आहे, नव्हं का?"

नसीमताईंनी पूर्वाकडे पाहिलं. "पूर्वा, बाहेरनं जरा पाणी घेऊन येतीस?"

पण पूर्वा हलली नाही. तिच्या मनात एकामागून एक गोष्टी जागच्या जागी बसत होत्या: नळाचा आवाज, लावलेली कडी, संध्याकाळी परत येणं, हुकवलेला मस्तकाभिषेक.

"काकू," नसीमताई अगदी हळू म्हणाल्या, "यंत्र केस बघत नाही. केस जिथनं येतो ते बघतं. हे भडक दिसतायत ना, ते आज सकाळचे आहेत. बाकीचे त्याच्या आधीचे. बरेच आधीचे."

आईने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. मग तिने पदराचं टोक हनुवटीवर धरलं. तिथे झाकण्यासारखं काहीच नव्हतं, तरी धरलं. जर ती सकाळी काही न करता आली असती, तर मधल्या भडक ठिपक्यांच्या जागी थोडे साधे हिरवे ठिपके दिसले असते. लपवायच्या नादात तिने स्वतःच्या हाताने सगळं पेटवून ठेवलं होतं.

नसीमताईंनी दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले. पूर्वाचे निळे ठिपके आईच्या नारिंगी ठिपक्यांवर जवळजवळ तंतोतंत बसले. खाली आलेख उमटला: पूर्वाच्या चाळिशीच्या आसपास एक चढ आणि पन्नाशीनंतर दुसरा, मोठा. मारलेले मेलेलेच राहणार होते. पण नवे जागे होत राहणार होते, आईचे झाले तसेच. संपण्याची तारीख यंत्राने दाखवली नाही, कारण ती नव्हतीच.

पूर्वाला वाटलं होतं की असं काही कळलं तर आपण कोसळू. तसं झालं नाही. आपण तीन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस कॅलेंडरातच नव्हता, हे कळल्यावर तिला विचित्र मोकळं वाटलं. आणि त्याच वेळी आईचा प्रचंड राग आला.

आई मात्र वेगळ्याच विचारात होती. तिने नसीमताईंना विचारलं, "पांढरे पण जातात काय हो? मागं एकदा लेझरवाल्याकडं गेले होते. ते म्हणाले, पांढरे धरत नाही."

"लेझरला रंग लागतो, काकू. सुईला नाही लागत. पांढरे असू देत, काळे असू देत. काही वाकडे झालेत, त्यांना वेळ लागेल, पण होतील. फक्त तीन आठवडे चिमटा लावायचा नाही. उपटलेले केस सगळे वर यायला तेवढा वेळ लागतो, त्याशिवाय मला वाट सापडत नाही."

"तीन आठवडे," आई म्हणाली. घरात अण्णा होते. शेजार होता. बस्ती होती.

चालक नसलेल्या रिक्षात दोघी शेजारी शेजारी बसल्या. विश्रामबाग आल्यावर पूर्वाच बोलली.

"मी चौदा वर्षांची होते, आई. शाळेत मुलं काय काय म्हणायची. मला वाटायचं घरात हे असलं माझ्या एकटीलाच आहे. आणि तू पलीकडच्या खोलीत कडी लावून तेच करत होतीस."

आई खिडकीबाहेर बघत होती. "मला वाटलं, माझ्यावरनं आलंय म्हटलं तर तू माझ्यासारखीच होशील. कडी लावून बसणारी. आक्कांसारखी झालीस तर बरं, असं वाटायचं. त्यांना काही वाटत नाही म्हणून त्यांच्यावर ढकललं."

"त्यांना काही वाटत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

आईचे डोळे भरून आले होते आणि पूर्वाला त्याचं वाईटही वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. तिने आईचा हात धरला नाही, पण सरकून तिच्या जवळ बसली.

घरी आल्यावर आईने चपला काढल्या आणि पाणीही न पिता फोन लावला. पूर्वाने ऐकावं म्हणून तिने फोनचा आवाज मोठा केला.

"आक्का, पद्मा बोलतेय."

"बोल की. पोरीचं काय झालं? यंत्र काय म्हणतंय?"

"आक्का, ते तुमच्याकडचं नव्हतं," आई एका दमात म्हणाली. "माझ्याकडचं आहे. मला आहेत. लग्नाआधीपासनं आहेत. इतकी वर्षं मी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं."

निपाणीहून मिक्सरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"मला माहीत आहे," आत्या म्हणाल्या.

आईने खुर्ची ओढून घेतली. "कधीपासनं?"

"पूर्वा झाली तेव्हापासनं. टाक्यांत पू झाला, ताप चढला आणि तू तीन दिवस शुद्धीवर नव्हतीस. मीच होते ना दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी बघितलं तर हनुवटीवर हे एवढाले. आधी वाटलं तापानं काहीतरी झालं. मग रुमाल शोधायला तुझी पर्स उघडली, तर तळाला चिमटा. तेव्हा कळलं."

"मग?"

"मग काय? संध्याकाळी अण्णा यायचा होता तुला बघायला. आणि तू इतकी वर्षं त्याच्यापासनं जपलेलं. दाराला पडदा ओढला आणि एकेक काढून टाकला. तू झोपेत हूं-हूं करत होतीस. चिमटा पुसून परत पर्सच्या तळाला ठेवला."

आईने तोंडावर हात ठेवला. शुद्धीवर आल्यावर आपण आधी हनुवटी चाचपली होती आणि ती गुळगुळीत लागली होती, हे तिला आठवत होतं. तापात केस वाढत नसतील, अशी समजूत करून घेऊन तिने तेव्हा देवाचे आभार मानले होते.

"मग मी सगळ्यांसमोर म्हटलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत, आक्का?"

"काय बोलायचं? मला मिशी आहेच की. अजून एक माझ्या खात्यावर पडलं तर माझं काय जात होतं? तुझं मात्र गेलं असतं." मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "पद्मा, आपले मुनी महाराज केशलोच करतात, हातानं केस उपटतात, ते सुद्धा दोन-चार महिन्यांनी, आणि सगळ्या समाजासमोर करतात. तू रोज करतीस आणि कडी लावून करतीस. केवढं तप झालं असेल गं तुझं."

आई हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि मग दोन्ही एकदम करत राहिली. पूर्वाने तेव्हा मात्र तिचा हात धरला.

"पुढचा मस्तकाभिषेक होईल तेव्हा मी येणार तुमच्याबरोबर," आई फोनवर म्हणाली. "मुक्कामाला."

"तोवर माझे गुडघे टिकले तर," आत्या म्हणाल्या आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई नेहमीसारखी उठली, पण बाथरूममधून लवकर बाहेर आली. आठवडाभरात तिच्या हनुवटीवर पांढरे केस दिसू लागले. अण्णांनी चहा पिताना ते पाहिले, चष्मा लावून पुन्हा पाहिले आणि काही बोलणार एवढ्यात आईच म्हणाली, "मिरजेच्या बाईंनी वाढवायला सांगितलेत. काढायच्या आधी वाढवावे लागतात." अण्णांनी मान डोलावली आणि बिस्किट चहात बुडवलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मग मिरजेला जाताना मी सोडू का?" आईने हो म्हटलं.

पूर्वाचेही सर्दीचे चार दिवस आले. पहिल्याच सकाळी तिने मास्क हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि खणात टाकून दिला. यार्डात पोचेपर्यंत तिला वाटत होतं की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्या हनुवटीकडेच बघतोय. कोणीच बघत नव्हतं. भाव पडले होते आणि लोकांना त्याचीच चिंता होती.

अकराच्या सुमाराला अभिनंदन हळदीचा नमुना घेऊन आला. ती दुसऱ्या दाराने गेली नाही. खिडकीच्या उजेडात तशीच उभी राहिली. त्याने पाहिलं. त्याला दिसलं हे तिला दिसलं.

"सर्दी नाही वाटतं या महिन्यात?"

"सर्दी कधीच नव्हती," पूर्वा म्हणाली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. सुई, क्षार, झोपलेले कूप, आईचा नारिंगी नकाशा. मधे थांबली नाही. अभिनंदन नमुन्याची पिशवी हातात धरून उभ्या उभ्या ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर कीव आली नाही, हे तिने बारकाईने पाहिलं. प्रतवारीच्या यंत्रात नवीन बिघाड सापडला की त्याचा चेहरा व्हायचा, तसाच तो झाला होता.

"म्हणजे मारलेला एकही परत आला नाही?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

"पण नवे येत राहणार."

"साठीपर्यंत. कदाचित पुढेही. अधूनमधून मिरजेला जावं लागणार आणि त्याच्या आधी चार दिवस अशी दिसणार."

"मग मला थांब म्हणालीस ते हे संपायची वाट बघत?"

"हो."

अभिनंदनने पिशवी टेबलावर ठेवली. स्वतःच्या कपाळावरून, केस मागे सरकायला लागले होते तिथून, त्याने हात फिरवला.

"आमच्या वडिलांना तू अजून भेटली नाहीस," तो म्हणाला. "एकदा बघून घे. माझा पुढचा सगळा नकाशा त्यांच्या डोक्यावर लख्ख दिसतो. यंत्र लावायचीसुद्धा गरज नाही."

पूर्वाला हसू आलं. तिने हसताना हनुवटीवर हात नेला नाही.

"कधी भेटवतोस?" ती म्हणाली. "या चार दिवसांतच जाऊ."